कॉलवरच्या त्या शांततेबद्दल

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचलं. सर्व्हर बंद, ग्राहक खवळलेले, टीम वेगवेगळ्या शहरांत, आणि नेमका तुझा सगळ्यात हुशार माणूस चॅटवर तासभर गप्प. त्याला तू ‘बेफिकीर’ म्हणालास ते मला पटलं नाही, म्हणून लगेच लिहायला बसलो.

विखुरलेल्या टीमवरचा कॅथरीन क्रॅम्टन यांचा 2001 सालचा अभ्यास आहे. त्यांना दिसलेल्या अडचणींपैकी एक म्हणजे शांततेचा अर्थ लागत नाही. होकार आहे, राग आहे, की मेसेज पोचलाच नाही? मग आपण परिस्थिती न बघता थेट माणसाच्या स्वभावावर बोट ठेवतो. एका खोलीत असता, तर त्याच्या कपाळावरच्या आठ्या तुला दिसल्या असत्या.

ताणात प्रत्येकाचा स्वभाव उफाळून येतो. बोलका माणूस बोलता बोलता विचार करतो आणि त्याचा अंदाज कॉलवर पक्की बातमी होऊन पसरतो. काळजी करणारा सारखं ‘काही अपडेट?’ विचारत राहतो. काटेकोर माणूस खात्री झाल्याशिवाय एक अक्षर लिहीत नाही, आणि एरवी याच गुणाचं तू कौतुक करतोस! मला खरी धास्ती वाटते ती भिडस्त माणसाची. वरिष्ठ चुकतायत हे त्याला दिसत असतं, पण कॅमेरे बंद असलेल्या कॉलवर मध्येच बोलायचा धीर होत नाही.

आणि तू? रागावू नकोस, पण सगळे निर्णय तू स्वतःकडे ओढून घेतलेस. स्टॉ, सँडलँड्स आणि डटन या संशोधकांनी 1981 मध्ये हेच मांडलं होतं: धोका दिसला की माहितीच्या वाटा आक्रसतात आणि सूत्रं वरच्यांच्या हाती एकवटतात.

1970 मध्ये चंद्राकडे निघालेल्या अपोलो 13 या अमेरिकी यानावर स्फोट झाला, तेव्हा ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षात तज्ज्ञ पुष्कळ होते, पण यानाशी बोलायचं काम कॅपकॉमचं, म्हणजे तिथे बसलेल्या अंतराळवीराचं. कोणी बोलायचं हे त्या क्षणी कोणाच्या स्वभावावर सोडलेलं नव्हतं.

तसंच तूही आधीच ठरवून टाक. कॉल एकाने चालवायचा, नोंदी दुसऱ्याने ठेवायच्या. ठरलेल्या वेळी प्रत्येकाने एक ओळ टाकायची, ‘अजून काही सापडलं नाही’ एवढीसुद्धा चालेल. मत विचारशील तेव्हा नाव घेऊन विचार, आणि सुरुवात सगळ्यात कनिष्ठापासून कर.

त्याला आजच फोन कर. जाब विचारू नकोस, त्या तासाभरात तो काय तपासत होता एवढंच विचार. काय म्हणाला ते मला कळव.

तुझाच,
जुना मित्र