‘काही त्रास झाल्यास संपर्क साधावा’ : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

गुडघ्याचे सांधेरोपण झालेल्या रुग्णाला घरी सोडताना जे डिस्चार्ज कार्ड हातात दिले जाते, त्यावरच्या एका वाक्यासंबंधी हे पत्र आहे. माझ्या कार्डावर ते शेवटून दुसऱ्या ओळीत होते : ‘काही त्रास झाल्यास संपर्क साधावा.’ कार्डावर औषधांची नावे व वेळा होत्या, टाके काढण्याची तारीख होती, दोन्ही बाजूंना शिक्केही होते. मात्र कोणता त्रास, संपर्क कोणाशी आणि किती वेळात, याबद्दल त्यावर एक अक्षरही नव्हते. या तीन गोष्टी लिहिलेल्या नसल्यामुळे माझा एकच गुडघा दोनदा बदलावा लागला, असे म्हटले तर त्यात थोडी अतिशयोक्ती होईल, पण फार नाही.

मी या शस्त्रक्रियेच्या विरोधात नाही, हे आधीच सांगून ठेवते. हाडावर हाड घासत असताना काढलेली वर्षे मी विसरलेले नाही, आणि ज्यांचे रोपण सुरळीत पार पडते त्यांना चालताना पाहिले की मला आनंदच होतो. निरनिराळ्या देशांतील नोंदींवरून केलेला एक अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला, त्यानुसार संपूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे 82 टक्के गुडघे 25 वर्षे टिकतात. खोल जंतुसंसर्गाचे प्रमाण शंभरात एक ते दोन एवढेच सांगितले जाते. शस्त्रक्रियेपूर्वी हा आकडा मलाही सांगितला गेला होता आणि मी तो ऐकून निश्चिंत झाले होते. त्या एक-दोघांत आपण निघालो तर पहिल्या दिवशी काय करायचे, हे विचारायचे मला सुचले नाही आणि सांगायचे कोणाला सुचले नाही.

‘काही त्रास’ हे शब्द निरुपयोगी का आहेत, ते पाहावे. पहिल्या सहा आठवड्यांत त्रास नसलेला गुडघा असतच नाही. तो सुजतो, दुखतो, रात्री झोपू देत नाही, आणि हात लावला तर दुसऱ्या गुडघ्यापेक्षा गरम लागतो. हा गरमपणा कित्येक महिने राहू शकतो आणि तरीही सारे ठीक असू शकते. जखमेच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढी कातडी बधिर होते, कारण छेद घेताना त्वचेची एक लहान नस तुटतेच. चालताना आतून टक् टक् असा आवाज येतो, तो धातू व प्लास्टिक एकमेकांवर टेकल्याचा असतो. या सगळ्यांनी रुग्ण घाबरतो आणि फोन करतो. ‘होतं असं, काळजी करू नका,’ हे उत्तर त्याला तीन वेळा मिळते आणि ते तिन्ही वेळा बरोबरही असते. मग चौथ्या वेळी, जेव्हा खरेच काळजी करायची असते, तेव्हा तो फोन करत नाही, किंवा केला तरी पलीकडून सवयीने तेच उत्तर येते.

माझी चौथी वेळ चौदाव्या दिवशी आली. टाके दोनच दिवसांपूर्वी निघाले होते. सकाळी पांघरूण बाजूला केले तेव्हा पट्टीच्या खालच्या टोकाला नखाएवढा पिवळसर, ओलसर डाग होता. वेदना वाढलेली नव्हती, ताप नव्हता. फोन केला तेव्हा डॉक्टर शस्त्रक्रियेत होते. संध्याकाळी ज्यांनी फोन घेतला त्यांनी ‘थोडं पाणी येतंच’ असे सांगितले. दुसऱ्या दिवशी डाग पुन्हा आला, तेव्हा मी घराजवळच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी चांगल्या हेतूने पाच दिवसांच्या प्रतिजैविकाच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी जखम कोरडी झाली आणि आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. गोळ्या संपल्यावर आठवड्याभरात डाग परतला, आणि गोळ्याही परतल्या.

या गोळ्यांविषयी मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण नव्या सांध्याच्या बाबतीत सर्वांत जास्त नुकसान येथेच होते असे माझे मत झाले आहे. सांध्यात जंतू शिरले आहेत की नाही, आणि शिरले असल्यास कोणते, हे कळण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे सुईने सांध्यातील पाणी काढून ते तपासणे व त्यातील जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहणे. त्याआधी प्रतिजैविक पोटात गेले, तर जंतू मरत नाहीत, फक्त दबतात, आणि तपासणीत काहीच उगवत नाही. माझे नेमके तसेच झाले. पाचव्या आठवड्यात पाणी काढले. त्यातील पेशी संसर्ग आहे म्हणत होत्या, पण जंतूंचा पत्ता लागेना. मग सर्व गोळ्या बंद करून दोन आठवडे नुसते थांबावे लागले आणि पुन्हा सुई टोचावी लागली. आता जंतू सापडला, पण सातवा आठवडा उजाडला होता.

या आठवड्यांचा हिशेब महत्त्वाचा आहे, महोदय. जंतू धातूच्या पृष्ठभागावर बसले की स्वतःभोवती एक चिकट थर विणू लागतात, आणि एकदा तो थर पक्का झाला की औषध त्यांच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. शस्त्रक्रियेनंतर साधारण पहिल्या चार आठवड्यांत संसर्ग ओळखला गेला, तर गुडघा उघडून, आतून स्वच्छ धुऊन, मधला प्लास्टिकचा तुकडा बदलून धातूचा सांधा वाचवण्याची चांगली संधी असते. ती वेळ टळली की बहुधा सगळेच काढावे लागते. त्या जागी प्रतिजैविक मिसळलेल्या सिमेंटचा ठोकळा बसवतात, कित्येक आठवडे औषध देतात, रक्ताच्या चाचण्या समाधानकारक आल्या की पुन्हा नवा सांधा बसवतात. सिमेंटचा तो ठोकळा मी अकरा आठवडे वागवला. पाय काठीसारखा सरळ. वाकवायचा नाही, त्यावर भार द्यायचा नाही. त्या काळात मी खोलीच्या दारापासून पलंगापर्यंतची पावले मोजत असे, वॉकरने चौदा. आयुष्यभर हिशेब तपासण्याची नोकरी केल्यामुळे मोजण्याची सवय सुटत नाही.

मी येथे कोणत्याही रुग्णालयाचे वा डॉक्टरांचे नाव घेतलेले नाही, आणि घेणारही नाही. फोन घेणाऱ्या व्यक्तीला काय विचारायचे हे कोणी शिकवले नव्हते. घराजवळच्या डॉक्टरांना ‘बदललेल्या गुडघ्याची जखम पाझरत असेल तर गोळी देऊ नका, त्याच दिवशी परत पाठवा’ असे कोणी कळवले नव्हते. नियम नसेल तर चूक कोणाच्या नावावर टाकणार?

जखमेसारखीच दुसरी गोष्ट उशीची. ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण शस्त्रक्रियेनंतर गुडघ्याखाली मऊ उशी घेतली की फार बरे वाटते, आणि नेमकी तीच घ्यायची नसते. थोड्या वाकलेल्या अवस्थेत गुडघा तासन्‌तास राहिला की तो पूर्ण सरळ होणे थांबते आणि मग माणूस जन्मभर लंगडतो. गुंडाळी ठेवायची ती टाचेखाली, म्हणजे गुडघा आपल्याच वजनाने खाली सरळ होतो. मला ही उशी घरच्यांनी प्रेमाने दिली होती आणि नवव्या दिवशी आलेल्या फिजिओथेरपिस्टने ती काढून फेकली. त्या बाईंचे मी आजही आभार मानते. चालताना गुडघा सुमारे 65 अंश वाकावा लागतो, जिना चढताना 80 च्या वर, आणि बुटक्या खुर्चीतून हातांचा आधार न घेता उठायचे तर 100 च्याही पुढे. दुसऱ्या रोपणानंतर माझा गुडघा 85 वर थांबला आहे, म्हणजे मला जिना मिळाला, खुर्ची नाही. ज्यांचा गुडघा पहिल्या रोपणानंतर आखडतो, त्यांना भूल देऊन तो वाकवून मोकळा करता येतो, पण हा उपाय पहिल्या तीन महिन्यांत केला तर त्याचा गुण जास्त. येथेही वेळ निघून जाते, आणि ती निघून चालली आहे हे सांगणारे घरी कोणी नसते. तरीही फिजिओथेरपी हा बहुतेकांच्या बाबतीत उपचाराचा भाग नसून ज्याची त्याची सोय ठरते, हे मला अजिबात पटत नाही.

रक्ताच्या गुठळीबद्दल एवढेच म्हणते की पोटरी दुखून पाय सुजला आणि रात्रभर पाय उंच ठेवूनही ती सूज सकाळी उतरली नाही, तर त्याच दिवशी तपासणी हवी. आणि अचानक धाप लागली किंवा छातीत दुखले, तर फोन करत बसू नये, थेट आपत्कालीन विभाग गाठावा. ही दोन वाक्ये कार्डावर मावतात.

सर्वांत अवघड प्रश्न दुखण्याचा आहे. निरनिराळ्या देशांतील अभ्यास पाहिले तर सांधेरोपण झालेल्या पाच जणांपैकी साधारण एकाचा गुडघा पुढेही दुखत राहतो किंवा तो माणूस समाधानी नसतो. त्यांच्यापैकी कित्येकांचा एक्स-रे उत्तम असतो, आणि ‘फोटो तर छान आहे’ हे वाक्य दुखणाऱ्या माणसाला किती एकटे पाडते, ते ऐकल्याशिवाय कळायचे नाही. कधी कळ खुब्यातून किंवा कण्यातून उतरत असते, कधी सांधा सैल झालेला असतो, कधी दबलेला संसर्ग असतो, कधी नसांचे दुखणे असते, आणि कधी कारण सापडतच नाही. कारण न सापडताच पुन्हा शस्त्रक्रिया केली तर तिचा निकाल बहुधा निराशाजनक ठरतो. अशा रुग्णांसाठी सर्जन, वेदनातज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट एका ठिकाणी, एका दिवशी भेटतील असा विभाग असावा, नाहीतर तो माणूस एकेका दारावर तीच फाइल घेऊन फिरत राहतो.

आता नोंदीविषयी. स्वीडनने बदललेल्या गुडघ्यांची राष्ट्रीय नोंदवही 1975 सालीच सुरू केली. ऑस्ट्रेलियाची 1999 पासून आहे. कोणत्या बनावटीचा सांधा किती वर्षांत काढावा लागला हे अशा नोंदवह्यांमुळे कळते आणि सदोष बनावट लवकर उघडी पडते. पण हिशेबनीस म्हणून मला त्यांत एक त्रुटी दिसते : पुन्हा शस्त्रक्रिया झाली तरच गुडघा ‘अयशस्वी’ धरला जातो. जो दुखतो पण तसाच राहतो, जो 70 अंशांवर आखडला आहे, ज्याच्या मालकिणीने दारे ठोठावणे सोडून दिले आहे, तो गुडघा नोंदीत यशस्वी असतो. इंग्लंडमध्ये 2009 पासून शस्त्रक्रियेपूर्वी आणि सहा महिन्यांनी रुग्णालाच प्रश्नावली भरायला देतात. ‘ऑक्सफर्ड नी स्कोअर’ नावाची ही प्रश्नावली अवघ्या 12 प्रश्नांची आहे : रात्री दुखते का, जिना उतरता येतो का, गुडघे टेकून पुन्हा उठता येते का. एवढे प्रश्न विचारायला यंत्रसामग्री लागत नाही.

म्हणून माझी आपल्या खात्याकडे विनंती अशी की सांधेरोपणाचा उपचार डिस्चार्जच्या दिवशी संपला असे न मानता तो किमान एक वर्ष चालतो असे नियमात लिहावे, आणि त्या वर्षाची जबाबदारी ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांच्याकडेच ठेवावी. जखमेतून पाझर दिसल्यास सांध्याची तपासणी होईपर्यंत प्रतिजैविक सुरू करू नये आणि रुग्णाला विनाविलंब सर्जनकडे पाठवावे, ही सूचना प्रत्येक डॉक्टरपर्यंत पोहोचवावी. अंगात ताप भरून रुग्ण अत्यवस्थ असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा आधी जीव वाचवायचा. संपर्कासाठी प्रशिक्षित परिचारिका उचलेल असा फोन रात्रंदिवस असावा. फिजिओथेरपी मूळ उपचारातच धरावी. आणि सहा महिन्यांनी रुग्णाला ते 12 प्रश्न विचारून उत्तरे नोंदवहीत घालावीत, मग ती उत्तरे कोणाला आवडोत वा न आवडोत.

हे सारे एकदम होणार नसेल, तर सुरुवात कार्डापासून करावी. ‘काही त्रास झाल्यास’ ऐवजी तेथे असे छापता येईल : जखम पाझरू लागली, लालसरपणा पसरू लागला, थंडी वाजून ताप आला, कमी होत आलेले दुखणे एकाएकी उलटे वाढू लागले, पाऊल वर उचलता येईनासे झाले, पोटरी सुजून दुखू लागली, तर त्याच दिवशी या क्रमांकावर कळवावे. खाली क्रमांक, आणि तो उचलणाऱ्याचे पद.

सोबत माझ्या पहिल्या कार्डाची छायाप्रत जोडली आहे. त्यावरील सर्व नावे झाकली आहेत. दुसऱ्या रोपणानंतर मिळालेल्या कार्डाचीही प्रत त्यामागे आहे. दोन्हींची शेवटून दुसरी ओळ कृपया ताडून पाहावी. तिच्यात एका अक्षराचाही फरक नाही.

आपली विश्वासू,
दोनदा गुडघा बदललेली एक रुग्ण