खालच्या कप्प्यातल्या पुस्तकांविषयी

प्रति,
मा. मंत्रिमहोदय,
ग्रामीण विकास व पंचायत राज खाते,
कर्नाटक सरकार, बेंगळूरु.

सविनय नमस्कार.

परवा घरपट्टी भरून आले. पावती कन्नडमध्ये असते, पण इतक्या वर्षांत तिची ओळ न् ओळ पाठ झालीय. त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवून माझ्या पाच वर्षांच्या लेकीनं विचारलं, "हे काय?" म्हटलं, "ग्रंथालय कर. पुस्तकांचे पैसे." तर म्हणाली, "मग माझं पुस्तक कुठाय?"

1965 च्या ग्रंथालय कायद्यानं घरपट्टीच्या रुपयामागे 6 पैसे पुस्तकांसाठी घ्यायचे ठरलेत. पैसे थोडे आहेत, पण प्रश्न काही चुकीचा नव्हता. मला उत्तर देता आलं नाही. ज्यांच्या खात्याकडे गावची ग्रंथालयं आहेत त्यांनाच विचारावं म्हणून हे पत्र.

मी बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेकडच्या एका खेड्यात राहते. शहरातल्या एका सोसायटीत हिशेब लिहिते. कन्नड मला बोलता येतं. बाजारहाट, बसमधलं भांडण, दवाखाना, सगळं त्यात निभावतं. वाचायला मात्र पहिलीतल्या पोरासारखं अक्षराला अक्षर जोडावं लागतं. शाळेत कन्नड विषय होता, त्यात पास होण्यापुरते मार्क पाडले आणि सुटले. त्याचा पश्चात्ताप आता होतोय. कसा ते सांगते.

आमच्या गावात अरिवु केंद्र, म्हणजे ग्रामपंचायतीचं ग्रंथालय, आहे. 2019 मध्ये गावोगावची ग्रंथालयं तुमच्या खात्याकडे आली, पुढच्याच वर्षी मुलांना वाचनाकडं वळवायचं 'ओदुव बेळकु' अभियान सुरू झालं, तेव्हापासून त्या खोलीचं रूपच पालटलं. भिंतीवर चित्रं आली, छोट्या खुर्च्या आल्या, टीव्ही आला. ग्रंथपाल माणूस भला आहे. पोरांनी पुस्तक फाडलं तरी ओरडत नाही, डिंकाची बाटली पुढ्यात ठेवतो. तक्रार म्हणून नाही, कौतुक म्हणूनच हे लिहितेय. वरच्या कप्प्यांत स्पर्धा परीक्षांचे ठोकळे, मधल्यात कन्नड कादंबऱ्या आणि सगळ्यात खाली, पोरांच्या हाताला येईल अशा उंचीवर, चित्रांची पुस्तकं. त्या खालच्या कप्प्यात मराठी पुस्तक एकही नाही. आमच्या गावात दहा घरांतली आठ मराठी बोलतात.

पहिल्याच शनिवारी लेकीनं पुण्यकोटी गाईचं पुस्तक उचललं. ती गाण्यातली गोष्ट कन्नड मुलखातल्या पोरांना दुधाबरोबरच पाजतात म्हणा ना. वाघ गाईला अडवतो, गाय म्हणते वासराला पाजून परत येते, आणि खरंच परत येते. मी तिला पुढ्यात घेऊन वाचायला बसले. अक्षरं जुळवत जुळवत गाय जंगलात पोचेपर्यंत घामाघूम झाले. पोरगी मान वर करून म्हणाली, "आई, तू अडकतेस. अज्जींकडून वाचून घेऊ."

अज्जी म्हणजे आमच्या शेजारच्या. घरात कन्नड, गावात मराठी, दोन्ही भाषांत सारख्याच कडक. त्यांनी पुस्तक उघडलंच नाही. चष्मा बाजूला ठेवला आणि सगळं गाणं तोंडपाठ म्हटलं. गाय वासराला दुसऱ्या गाईंच्या पदरात घालते तिथं आमची पोरगी जी रडायला लागली, ती जेवणाच्या ताटापर्यंत. दुसऱ्या दिवसापासून आमच्या अंगणात रोज तेच नाटक. ती गाय, मांजर वाघ. मांजराला ही भूमिका पसंत नाही. संध्याकाळ झाली की कुंपणापाशी उभी राहून हाक मारते, "अज्जी, कथी हेळ!" म्हणजे गोष्ट सांगा.

तेव्हा, साहेब, कन्नड आमच्या घरात नको म्हणून हे पत्र नाही. 2015 च्या कायद्यानं शाळेत कन्नड शिकणं सक्तीचं झालंय. माझी लेक पुढच्या वर्षी पहिलीत जाईल तेव्हा कन्नडमध्ये ती माझ्यापुढं असेल, आणि मला त्याचा आनंदच आहे. माझं दुखणं दुसरंच आहे. अज्जींनी त्यांना आवडणारी गोष्ट तिला दिली. मला आवडणारी गोष्ट मी कशातून देऊ?

माझी आवड म्हणजे काही फार थोर नाही. लग्नाआधी मी जाड कादंबऱ्या वाचायची. घरं, भांडणं, वाटण्या, तीन पिढ्या असलं काही असलं की मला बरं वाटायचं. नवरा रहस्यकथांचा. शेवटचं पान आधी वाचणाऱ्यांपैकी, त्यामुळं आमचं कधी जमलं नाही. पोर झाल्यावर वाचन बसमध्ये आलं. शहरातल्या 1848 सालच्या सार्वजनिक वाचनालयातून पुस्तक आणायचं, ते जाता येता वाचायचं. सकाळी उभ्यानं चार पानं, संध्याकाळी खिडकी मिळाली तर दहा. लेक अंगावर पीत असताना मोबाईलच्या उजेडात एक अख्खी कादंबरी संपवली होती. ती कशाबद्दल होती ते आता अजिबात आठवत नाही. तिचा कागद पिवळा होता आणि पान उलटताना आवाज होऊ द्यायचा नसायचा, एवढंच आठवतं.

सिनेमाची तर आणखी गंमत. आम्ही दोघं एक सिनेमा तीन हप्त्यांत बघतो, ती झोपल्यावर. मारामारी आली की आवाज बंद. सासऱ्यांची तऱ्हा वेगळी होती. 1 नोव्हेंबरला, सीमाभागातल्या मराठी माणसांच्या काळ्या दिनाला, दंडाला काळी पट्टी बांधून फेरीत पहिल्या रांगेत चालायचे, आणि त्याच संध्याकाळी कन्नड नट डॉ. राजकुमारांचा सिनेमा लागला असेल तर कोपऱ्यात बसून डोळे पुसायचे. त्यांना कुणी हटकलं तर म्हणायचे, "खटला सरकारशी आहे, राजकुमारांशी न्हवं की!"

मी लेकीला 'श्यामची आई' दाखवायचा घाट घातला. 1953 चा सिनेमा, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवलेला. माझ्या आईनं मला दाखवला होता, मी तिला दाखवणार. पहिला प्रश्न आला, "ह्यांना रंग का न्हाई लावला?" दुसरा आला, "ही आई सारखी रडते का?" विसाव्या मिनिटाला उठून गेली. चूक माझी होती. पाच वर्षांच्या पोरीला मी माझं लहानपण दाखवायला निघाले होते. तिला तिच्या वयाचं काही हवं होतं आणि ते माझ्या हाताशी नव्हतं, म्हणून मी जे होतं ते तिच्या गळ्यात मारलं.

तसं जमलंही एकदा. प्रकाश संतांच्या गोष्टींतला लंपन तुमच्या ऐकण्यात असेल नसेल. आजी-आजोबांकडे राहणारा इकडचाच पोरगा आहे. त्या गोष्टी मोठ्यांच्या आहेत, पण एका रात्री लाईट गेली होती आणि मी मेणबत्तीत एक पान मोठ्यानं वाचलं. त्यातली मराठी आमच्या अंगणातली, मध्येच एखादा कानडी शब्द खडीसाखरेसारखा दाताखाली येतो. पुण्याच्या माझ्या मावसबहिणीनं प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारला असता. पोरगी हसत सुटली आणि म्हणाली, "हा आपल्यासारखा बोलतो!" पाच वर्षांत पहिल्यांदा पुस्तकातलं कुणी तिच्यासारखं बोललं होतं.

आता ज्या गोष्टीमुळं पत्र लिहायला बसले ती.

दिवाळीची साफसफाई करताना आईच्या ट्रंकेत 'चांदोबा'चे जुने अंक मिळाले. सुतळीत बांधलेले, कोपरे झुरळांनी खाल्लेले. ते घेऊन आम्ही ओट्यावर बसलो होतो. अज्जींनी कुंपणावरून बघितलं, आत गेल्या आणि पदरात काहीतरी घेऊन आल्या. कन्नड 'चंदमामा'. एकाच छापखान्याची ही भावंडं, मद्रासहून निघायची. 1947 मध्ये तेलुगू आणि तमिळ सुरू झालं, 1949 ला कन्नड, 1952 ला मराठी. पोरीनं दोन्ही उघडून जमिनीवर शेजारी शेजारी पसरले. दोन्हीकडे विक्रम राजा, हातात तलवार, खांद्यावर वेताळ. तेच झाड, तीच कवटी. अक्षरं तेवढी वेगळी. तिनं एका वेताळावर एक बोट ठेवलं, दुसऱ्यावर दुसरं, आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "दोघींकडं एकच भूत हाय!"

त्या संध्याकाळी अज्जींनी एक परिच्छेद कन्नडमध्ये वाचला, मी त्यांच्या मागोमाग मराठीत माझ्या अंकातला. गोष्टी वेगळ्या निघाल्या, पण पोरीचं काही अडलं नाही. चित्र बघून दोन्हींची एक गोष्ट तिची तिनं केली. आणि मंत्रिमहोदय, मला पहिल्यांदा कन्नड ओळ न अडखळता वाचता आली, कारण ती ओळ कशाबद्दल आहे ते चित्र आधीच सांगत होतं. शाळेत दहा वर्षांत जे झालं नाही ते ओट्यावर झालं.

आमच्या अरिवु केंद्राचा खालचा कप्पा असा हवाय. एकच चित्रांचं पुस्तक, एक प्रत कन्नड, एक मराठी, शेजारी शेजारी. यासाठी नवं काही छापायला, समिती नेमायला लागत नाही. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयातली कितीतरी पुस्तकं तीच चित्रं घेऊन वेगवेगळ्या भारतीय भाषांत निघतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर 2015 पासून गोष्टी खुल्या परवान्यावर आहेत, कन्नड आहेत, मराठी आहेत, कुणीही फुकट उतरवून छापू शकतं. बेळगाव, खानापूर, निपाणी, पलीकडे हल्याळ, कारवार, तिकडे भालकी, औराद, जिथं घरात मराठी आणि फलकावर कन्नड आहे, तिथल्या केंद्रांत एवढा एक कप्पा. बाकीचे कप्पे आहेत तसेच असू द्यात.

राज्यघटनेतलं 350-अ कलम लहान मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय द्या म्हणतं. ते शाळेचं झालं. शाळेआधीच्या दोन-तीन वर्षांत पोर कुणाच्या मांडीवर, कुठल्या भाषेत वाचतं, ते कुठल्याच कलमात बसत नाही. म्हणून मी कायद्याचा हवाला देत नाही, विनंती करतेय. सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. तो सुटेपर्यंत आमची पोरं थोडीच लहान राहणार आहेत?

आणि तो टीव्ही. सध्या त्याच्यावर प्लास्टिकचं आवरण आहे, शेजारी गणपतीचा फोटो. महिन्यातून एका शनिवारी मुलांचा सिनेमा लावता येईल. एकदा कन्नड, एकदा मराठी. मुलांसाठी सिनेमे काढणारी चिल्ड्रन्स फिल्म सोसायटी 1955 मध्ये निघाली, 2022 मध्ये ती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात (एनएफडीसी) विलीन झाली. तिचे सिनेमे कपाटांत असतीलच, ते मागवता येतील. मुलांबरोबर आयाही येतील, हा माझा छुपा हेतू. आमच्या गावात लग्न झालेल्या बाईला कुठला सिनेमा आवडतो हे कुणी विचारत नाही. मलाही विचारलेलं नाही. रिमोट ज्याच्या हातात त्याची आवड. पोरांच्या निमित्तानं का होईना, बायका एका खोलीत बसून काही बघतील, हसतील, घरी जाताना भांडतील की तो राजा बरोबर होता की चूक.

तुम्ही विचाराल की मागणी कुठं आहे. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमनी या गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात. ग्रंथदिंडी निघते, पोरी नऊवारी नेसून डोक्यावर पुस्तकं घेऊन चालतात. दिंडी संपली की पुस्तकं परत आणि पोरी घरी. गावातल्या सरकारी कप्प्यात त्या पोरींना वाचायला काय आहे, हे भाषणांत कधी ऐकलं नाही. आमच्याच लोकांवरही माझा हा राग आहे. तो वेगळ्या पत्रात.

ग्रंथपाल म्हणाले, "ताई, मागणी रजिस्टरमध्ये लिहून द्या. कन्नडमध्ये दिलीत तर वर लवकर जाईल." मी लिहिली. अर्धा तास लागला. अज्जींनी तीन चुका काढल्या, त्यातली एक तुमच्या खात्याच्या नावातच होती. सोबत त्या अर्जाची प्रत आणि 20 पुस्तकांची यादी जोडतेय, प्रत्येक नाव दोन्ही भाषांत. यादीच्या शेवटी पेन्सिलनं काढलेली एक आकृती दिसेल. ती माझी नाही. तो वेताळ आहे, आणि चित्रकर्तीचं म्हणणं आहे की साहेबांना तो दोन्ही भाषांत पाहिजे असं नीट सांगा.

आपली,
बेळगाव तालुक्यातील एक आई
(घरपट्टी चालू वर्षाची भरलेली आहे)