इत्ता जोर से काईकू गाती, बेटा?

चाचा, सलाम.

हे पत्र नांदेडला तुमच्या नातीच्या मोबाइलवर येईल. मोठ्यानं वाचून दाखवीन असं तिनं कबूल केलंय. तुम्हाला डाव्या कानानं कमी ऐकू येतं, म्हणून उजव्या बाजूला बसून वाच, असं मी तिला सांगितलंय. घरी येऊन बोलले असते, पण तुम्ही माझ्यासाठी काय केलं ते परभणीत कुणालाच माहीत नाही, आणि ते सगळ्यांना कळावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे उघड पत्र. लोकांना तुम्ही लाऊडस्पीकरवाले चाचा म्हणून ठाऊक आहात. उरूस, लग्न, सप्ताह, जयंती, प्रचारसभा, जिथं भोंगा लागला तिथं तुम्ही. मला तुम्ही गाणं ऐकायला शिकवलंत, तेही इथल्या कुणाच्या कानावर नसलेलं: जॅझ, अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं गाणं.

१९९९ सालची भीमजयंती. मी बारावीची परीक्षा दिलेली. आमच्या वस्तीतल्या स्टेजवर मला दोन गाणी म्हणायची होती. पेटीवाल्या दादांनी काळी पाच ही उंच पट्टी धरली, कारण बायकांची पट्टी तीच, असं त्यांचं ठरलेलं. मुखडा कसाबसा निघाला. अंतऱ्यावर आवाज फाटला आणि चार भोंग्यांतून वस्तीभर गेला. त्याच्या आधी महिनाभर एका संगीताच्या वर्गात मला ऐकवलं होतं, की हा आवाज बाप्याचा आहे, याला पट्टी सापडायची नाही. त्या रात्री वाटलं, खरंच असावं.

कार्यक्रम संपल्यावर मी स्टेजच्या मागं रडत उभी होते. तुम्ही कोपरावर वायर गुंडाळत आलात. म्हणालात, "इत्ता जोर से काईकू गाती, बेटा? माईक किसलिए रखा मैं?" मग मराठीत म्हणालात, "माईकच्या डोक्यावर नाही वरडायचं. त्याच्या कानात सांगायचं. आन् पेटीवाल्याला म्हणायचं, पट्टी माझी, तुझी नाही. उद्या दुकानात ये."

दुसऱ्या दिवशी तुम्ही नव्वद मिनिटांची कॅसेट हातावर ठेवलीत. वर उर्दूत काहीतरी लिहिलेलं होतं. काय लिहिलंय विचारलं तर म्हणालात, "बाया. नुसत्या बाया."

त्या बाया कुठून आल्या ते हळूहळू कळत गेलं. तरुणपणी तुम्ही मुंबईत एका साऊंडवाल्याकडं कामाला होता. १९७८ साली धोबीतलावच्या रंगभवनात जॅझ यात्रा नावाचा जॅझचा महोत्सव पहिल्यांदा झाला, तेव्हा तिथं वायरी टाकायला गेलात. काम संपल्यावरही घरी गेला नाहीत, स्टेजखाली बसून ऐकत राहिलात. मग चोरबाजारातून जुन्या तबकड्या गोळा करणं सुरू झालं. परभणीला परत येताना ट्रंकेत कपडे कमी आणि तबकड्या जास्त होत्या, हे तुम्ही सांगायचा तेव्हा चाची आतून "खरंय" म्हणायच्या.

दुकानात ॲम्प्लिफायर उघडे पडलेले, सोल्डरचा धूर, कोपऱ्यात भोंग्यांची उतरंड. लाईट गेली की तुम्ही टेप ट्रकच्या बॅटरीवर लावायचा. पहिली बाई बेसी स्मिथ. आवाज लांबून, खरखरीतून यायचा. मी म्हटलं, रेकॉर्डिंग खराब आहे. तुम्ही उठून एक भोंगा आणलात, उलटा धरलात आणि म्हणालात, "ही बाई यात गायलीय." १९२३ साली तिच्या पहिल्या तबकड्या निघाल्या तेव्हा रेकॉर्डिंगला विजेचा माईक नव्हता. मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचं, त्या आवाजानं दुसऱ्या टोकाची सुई हलायची आणि मेणावर रेघ उमटायची. विजेचं रेकॉर्डिंग १९२५ साली आलं. तोवर कर्ण्याला पुरेल एवढा आवाज ज्याच्याकडं असेल तोच टिकायचा. बेसी तंबूच्या खेळांतून वर आलेली बाई. तिला माईकची गरजच नव्हती. तिचा आवाज आमच्या तमाशातल्या जुन्या बायांसारखा, शेवटच्या रांगेतल्या माणसाच्या अंगावर जाणारा.

"आता दुसरी ऐक," म्हणून तुम्ही टेप पुढं नेलीत. ती बिली हॉलिडे.

चाचा, आज पंचवीसहून जास्त वर्षं झाली, पण तो क्षण मला अजून जसाच्या तसा आठवतो. कुणी कानाशी येऊन बोलतंय असं वाटलं. आवाज लहान, थोडा चिरकलेला, जेमतेम सव्वा सप्तक फिरणारा. तुम्ही मला पेटीवर सूर शोधायला लावलेत आणि खरंच तो हात कुठं फार वर गेला नाही, कुठं फार खाली गेला नाही. एवढ्याशा जागेत ही बाई काय काय करते! १९३३ साली पहिली तबकडी केली तेव्हा ती अठरा वर्षांची होती, माझ्याएवढीच. तिला बेसीचा मोठा आवाज आणि ट्रम्पेट वाजवणाऱ्या, गाणाऱ्या लुई आर्मस्ट्राँगची भावना हवी होती, असं तिनं स्वतः सांगून ठेवलंय. मोठा आवाज तिच्याकडं नव्हता. पण तोवर माईक आला होता, आणि माईकच्या कानात कसं सांगायचं ते तिला कळलं होतं.

मला एक गोष्ट खटकायची. ती तालाच्या मागं राहायची. वाद्यं सम गाठून पुढं निघालेली असायची आणि हिचा शब्द मागून यायचा. मी म्हटलं, चुकायलीय ती. तुम्ही हसला नाहीत. विचारलंत, "घरी जातं हाय का? आजी दळते का?" आमची आजी तेव्हाही सणासुदीला जात्यावर बसायची. तुम्ही मला तिची ओवी ऐकायला पाठवलंत. जात्याचा खुंटा आपल्या गतीनं फिरत होता आणि आजीची ओवी त्या फेऱ्याच्या मागून, श्वास पुरेल तशी, रेंगाळत येत होती. फेरा पूर्ण होऊन गेल्यावर तिचा शेवटचा शब्द पडायचा. आजी चुकत नव्हती. मी पळतच दुकानात आले. तुम्ही एवढंच म्हणालात, "समजलं?"

आता मी गंगाखेड तालुक्यातल्या शाळेत शिकवते. गंगाखेड जनाबाईचं गाव. जात्याशी आणि ओवीशी तिचं नाव जोडलेलं. वर्गात मुलांना जनाबाईचे अभंग शिकवताना बिली आठवली नाही असा एक दिवस जात नाही.

लेस्टर यंगचा सॅक्सोफोनही तुम्ही मला तिच्याच गाण्यांतून ओळखायला शिकवलात. तिची ओळ संपते तिथं त्याची सुरू होते, ती श्वास घेते तेवढ्यात तो बोलून घेतो. तिचं 'लेडी डे' हे नाव त्यानंच ठेवलेलं. दोघं १९५९ सालीच गेले, तो मार्चमध्ये, ती जुलैमध्ये. ती चव्वेचाळीस वर्षांची होती. हे सांगताना तुम्ही टेप बंद केली होतीत.

आणि एक गाणं तुम्ही मला लगेच ऐकू दिलं नाहीत. कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला शेवटी ते होतं, आणि आधी तुम्ही त्याचा अर्थ सांगितलात. 'स्ट्रेंज फ्रूट' त्याचं नाव. १९३९ साली तिनं ते रेकॉर्ड केलं. लिहिलं होतं न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या एका शाळामास्तरानं, एबल मीरोपोल नावाच्या. अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या माणसांना जमाव मारून झाडाला लटकवायचा, त्याबद्दल. तिच्या नेहमीच्या कंपनीनं ते काढायला नकार दिला, म्हणून ते दुसऱ्या छोट्या कंपनीकडून आलं. कॅफे सोसायटी नावाच्या क्लबात ती ते सर्वांत शेवटी म्हणायची. वेटर थांबायचे, दिवे मालवायचे, फक्त तिच्या चेहऱ्यावर एक झोत. गाणं संपलं की अंधार, आणि ती परत यायची नाही.

ऐकून झाल्यावर आपण दोघं बराच वेळ गप्प होतो. मग मी तुम्हाला आजीनं सांगितलेलं सांगितलं. १९७८ सालच्या उन्हाळ्यानंतरचे ते दिवस, नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात आमच्या लोकांची घरं जाळली गेली ते, आणि आजीनं पोरांना घेऊन ज्वारीच्या रानात काढलेली रात्र. कुणाला हे मी पहिल्यांदाच सांगत होते. तुम्ही ऐकून घेतलंत, मध्ये एक शब्द बोलला नाहीत, आणि मग चहा मागवलात. त्या चहाबद्दलही आभार मानायचे आहेत. आमच्या स्टेजवरची गाणी आणि त्या बाईचं गाणं एकमेकांच्या किती जवळचं आहे, हे मला त्या संध्याकाळी दिसलं. भीमगीत मोठ्यानंच म्हटलं पाहिजे असं नाही, हेही. पुढं कडूबाई खरात यांचा एकतारीवरचा आवाज मोबाइलवर पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी रस्त्यात उभी राहिले होते. एक तार आणि एक बाई.

एला फिट्झजेरल्ड तुम्हाला जास्त आवडायची, हे मला माहीत आहे. तिचा आवाज कसा स्वच्छ, घासलेल्या तांब्यासारखा. १९३४ साली सतरा वर्षांची एला न्यूयॉर्कच्या अपोलो थिएटरात हौशी लोकांच्या स्पर्धेत नाचायला म्हणून गेली. तिच्या आधी नाचून गेलेल्या बहिणींच्या एका जोडीचा नाच बघून घाबरली आणि ऐनवेळी गायली. जिंकली. ही गोष्ट तुम्ही मला किमान दहा वेळा सांगितलीत, दर वेळी माझा कार्यक्रम बिघडल्यावर. आणि बर्लिनची, १९६० सालची. हजारो लोकांसमोर ती गाण्याचे शब्द विसरली. थांबली नाही. तालात, सुरात, 'मी शब्द विसरले' हेच गाऊन सांगत गेली, मधेच आर्मस्ट्राँगची नक्कल केली, आणि त्याच रेकॉर्डिंगला ग्रॅमी, म्हणजे अमेरिकेतला संगीताचा मोठा पुरस्कार, मिळाला. तिचं ते निरर्थक अक्षरांचं गाणं, ज्याला स्कॅट म्हणतात, ते ऐकून मी तराणा म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात, तराण्यासारखंच, पण ही ट्रम्पेट व्हायलीय, सॅक्सोफोन व्हायलीय, नीट ऐक. बत्तीस बारचं, म्हणजे तालाच्या बत्तीस आवर्तनांचं गाणं तुम्ही मला बोटांवर मोजायला शिकवलंत. आठ-आठचे चार तुकडे: मुखडा, मुखडा, अंतरा, मुखडा. एवढं कळल्यावर एला कुठं आहे ते मला न हरवता कळू लागलं.

माझ्या आवाजाचा प्रश्न मात्र सारा व्हॉननं सोडवला. तीही अपोलोचीच स्पर्धा जिंकून आलेली, १९४२ साली. तिचा खालचा सूर पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं पुरुष गायला. तुम्ही माझ्या तोंडाकडं बघत होता. "बाप्याचा हाय का हा आवाज?" मी काहीच बोलले नाही. त्या आठवड्यात मी खालच्या पट्टीत, पांढरी तीनवर गाणं बसवलं आणि पेटीवाल्या दादांना पट्टी सांगितली. ते कुरकुरले, पण त्यांनी धरली.

गायिका नीना सिमोनच्या लहानपणची गोष्ट मी आता माझ्या वर्गातल्या मुलींना सांगते. पियानोच्या कार्यक्रमात तिच्या आईवडिलांना गोऱ्यांसाठी पहिल्या रांगेतून उठवलं, तर त्यांना परत पुढं बसवल्याशिवाय ही पोर वाजवायला तयार झाली नाही. आशा पुथलीबद्दलही सांगते. मुंबईची, आपलं शास्त्रीय शिकलेली मुलगी १९७१ साली न्यूयॉर्कमध्ये सॅक्सोफोनवाल्या ऑर्नेट कोलमनच्या तबकडीवर गायली, हे तुम्ही सांगायचात तेव्हा तुमचा चेहरा असा व्हायचा, जणू ती आपल्याच गल्लीतली.

तुमची कॅसेट थांबली तिथून पुढचं आता मी तुम्हाला ऐकवणार आहे. नातीला सांगून ठेवलंय. सेसिल मॅकलॉरिन सॅल्व्हंट नावाची एक आहे, १९८९ साली जन्मलेली. ती बेसीच्या काळातली जुनी, विसरलेली गाणी शोधून काढते आणि आजच्या बाईच्या तोंडून म्हणते. तिची एक तबकडी जवळजवळ अख्खी एका पियानोवाल्याबरोबर आहे. तीच आधी ऐका, तुमच्या चांगल्या कानाला हेडफोन लावून. आणि समारा जॉय. ही ब्राँक्सची, त्या शाळामास्तराच्याच भागातली. २०१९ साली तिनं सारा व्हॉनच्या नावाची स्पर्धा जिंकली, आणि २०२३ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ग्रॅमीत सर्वोत्कृष्ट नव्या कलाकाराचा मान मिळवला. तिचा खालचा सूर ऐकलात की तुम्हाला माझी बारावीची सुट्टी आठवेल. चाचा, तिचा जन्म नोव्हेंबर १९९९ चा आहे. ज्या वर्षी तुम्ही मला ती कॅसेट दिलीत, त्याच वर्षाचा.

दुकान तुम्ही बंद केलंत तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं. आता मिरवणुकीत ट्रकभर बॉक्स येतात, छातीत धडधडतं, खिडक्यांच्या काचा थरथरतात, आणि गाणारा काय म्हणतोय ते कुणालाच कळत नाही. माईकला कान असतो हे सांगणारं माणूस तिथं कुणी नसतं. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात म्हणून मी स्वतःच मिक्सरजवळ बसते. पोरी घाबरून ओरडायला लागल्या की आवाज कमी करत नाही, तुमच्यासारखी स्टेजजवळ जाते आणि हळूच सांगते.

या सगळ्याचे पैसे तुम्ही कधी घेतले नाहीत. कॅसेटचेही नाहीत. एकदा मी बळेच वीस रुपये ठेवले तर त्याची कोरी कॅसेट आणून आणखी बाया भरून दिल्यात. दोन्ही माझ्याकडं आहेत. पहिलीची फीत दोनदा गुंतली होती, पेन्सिलीनं सोडवली. उर्दूतलं नाव थोडं पुसट झालंय, पण मला आता ते वाचता येतं.

येत्या १४ एप्रिलला वस्तीत माझं गाणं आहे. नातीबरोबर या. पुढं उजव्या बाजूची खुर्ची तुमच्यासाठी ठेवते, तुमचा चांगला कान स्टेजकडं राहील अशी. पट्टी पांढरी तीनच आहे.

तुमची बेटी