वाद्याच्या सुरांना शब्द देणारा अल्बम

महोदय,

आपल्या संगीतविषयक पानावर पाश्चात्त्य गायकवृंदांविषयी क्वचितच वाचायला मिळते, म्हणून अमेरिकेतील ‘द मॅनहॅटन ट्रान्सफर’ या चार गायकांच्या चमूच्या १९८५च्या ‘व्होकलीज’ या अल्बमकडे लक्ष वेधावेसे वाटते. त्याला ग्रॅमीची १२ नामांकने मिळाली, हे सर्वत्र सांगितले जाते; परंतु गीतकार जॉन हेन्ड्रिक्स यांनी जॅझ वादकांच्या ध्वनिमुद्रित रचनांवर, त्यांतील उत्स्फूर्त वादनासह, स्वराला अक्षर जोडत शब्द बसवले, ही त्याची खरी थोरवी फारशी बोलली जात नाही.

या अल्बममधील ‘सिंग जॉय स्प्रिंग’ हे गीत ऐकावे. क्लिफर्ड ब्राउन यांनी ट्रम्पेटवर वाजवलेले वेगवान स्वरसमूह येथे गळ्यातून उमटतात, श्वास घ्यायला जागा उरत नाही, तरीही शब्द स्पष्ट राहतात. ब्राउन १९५६ मध्ये अवघ्या पंचविसाव्या वर्षी अपघातात गेले. त्यांच्या वादनाला अशी पुन्हा वाचा फुटावी, याचे मला मोठे अप्रूप वाटते. याच गीतात डिझी गिलेस्पी यांचा ट्रम्पेटही आहे.

अशा अल्बमांचा रसास्वाद घडवणारे सदर आपण सुरू करावे आणि त्यात गायकांइतकेच गीतकारालाही स्थान द्यावे, ही विनंती.

– एक वाचक, पुणे