वहिनीचा विश्वास कमी पडला नव्हता

लंडन,
रविवार, रात्री

प्रिय दादा,

प्रभू येशूच्या नावाने सलाम.

परवा आईशी बोलणं झालं. वहिनी गेल्यापासून तू उपासनेला जात नाहीस, पाळकसाहेब आले की मळ्याकडे निघून जातोस, असं ती म्हणाली. तक्रार नव्हती, काळजी होती. तुला चर्चला पाठवण्यासाठी मी हे लिहीत नाही. प्रार्थनेने आजार बरे करतो म्हणणाऱ्या त्या चंगाई सभेतल्या माणसाने तुझ्या मनात जे पेरलंय, त्याबद्दल लिहायचंय. फोनवर विषय काढला की तू "बरं, ठेवतो आता" म्हणतोस, म्हणून पत्र.

"या घरात अविश्वास आहे, म्हणून बहिणीला चंगाई मिळत नाही." भर सभेत तो हे बोलला तेव्हा वहिनी पुढच्या रांगेत पाठीला उशी लावून बसली होती. कॅन्सर मणक्यात उतरला होता. घरी आल्यावर तिने दुखणं शमवणाऱ्या मॉर्फिनच्या गोळ्या घेणं सोडलं. गोळी घेतली म्हणजे देवावर भरवसा नाही, असं तिच्या मनाने घेतलं. आईने अंथरूण उन्हात टाकायला काढलं तेव्हा उशीच्या अभ्र्यात गोळ्या सापडल्या. तोवर ती दात आवळून पडून राहायची आणि विचारलं की "बरंय" म्हणायची. मला याचा राग आहे, दादा. प्रार्थनेत कितीदा ठेवला, तरी अजून गेलेला नाही.

त्या माणसाने याकोबाच्या पत्राचा ५ वा अध्याय वाचला होता ना, विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील म्हणून? ते वचन नीट वाच. आजारी माणसाने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे चर्चमधल्या जबाबदार ज्येष्ठांना, बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, एवढंच तिथे आहे. खाटेवरच्या माणसाचा विश्वास तपासा, असं कुठेही लिहिलेलं नाही. वहिनीने मंडळीच्या वडिलांना बोलावलं. त्यांनी तेल लावलं, उपवास केले. आणखी काय करायचं राहिलं होतं?

आता प्रेषित पौलाकडे बघ. इफिसात त्याच्या अंगावरचे रुमाल नेऊन रोग्यांवर घातले तरी रोगी बरे व्हायचे, हे प्रेषितांच्या कृत्यांत १९ व्या अध्यायात आहे. त्याच इफिसचा त्रफिम, पौलाबरोबर गावोगाव फिरलेला. आपला तरुण सोबती तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी पौल म्हणतो, त्रफिम आजारी होता, त्याला मी मिलेतात ठेवून आलो. बस, एक ओळ. त्रफिम कुठे कमी पडला, याचा शब्द नाही. तीमथ्याच्या पोटाच्या तक्रारीवर पौल त्याला थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो, म्हणजे औषधच की. आणि स्वतःच्या अंगातला काटा निघावा म्हणून पौलाने तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही. "माझी कृपा तुला पुरे आहे" हे उत्तर मिळालं. आपण ते वचन कॅलेंडरवर छापतो, पण ते दुखणं राहिलेल्या माणसाला मिळालेलं आहे.

आजी पंडिता रमाबाईंनी काढलेल्या मुक्ती मिशनमध्ये वाढली, म्हणून रमाबाई आपल्याला घरच्यासारख्या. १९०५ साली केडगावला मुली रात्र रात्र प्रार्थना करायच्या, त्या गोष्टी आपण आजीच्या मांडीवर ऐकल्या. त्याच रमाबाईंची एकुलती एक मनोरमा १९२१ साली गेली. चाळिशीची होती, मुक्तीचा कारभार पुढे तीच बघेल अशी आशा होती. तिच्यामागे वर्षही पुरं झालं नाही तोच, एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई गेल्या. त्या अखेरच्या महिन्यांतही त्यांच्या मराठी बायबलचं काम सुरू होतं. रमाबाईंच्या घरात अविश्वास होता, असं म्हणायची कोणाची छाती आहे? मग वहिनीबद्दल ते कसं म्हणवलं?

आणि गेथशेमाने, प्रभूने मरणाच्या आदल्या रात्री प्रार्थना केली ती बाग. दुःखाचा प्याला टळू दे, असं खुद्द प्रभूने मागितलं. टळला नाही. याच्यापुढे मला दुसरा पुरावा लागत नाही.

मी इथे रोज मरणाऱ्या माणसांत काम करते, तुला ठाऊक आहे. आमच्या कामाची वाट ज्यांनी घालून दिली त्या सिसिली सॉन्डर्स, आधी नर्स, पुढे डॉक्टर, पक्क्या ख्रिस्ती बाई. १९६७ साली त्यांनी दक्षिण लंडनमध्ये सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणाऱ्या माणसांची शुश्रूषा करणारं घर, सुरू केलं. दुखणं उसळायची वाट न बघता घड्याळ लावून औषध द्यायचं, हे त्यांनी बसवून दिलं. माणसाचं दुखणं नुसतं अंगाचं नसतं, भीती, घरच्यांची चिंता, देवाबद्दलची घालमेल हे सगळं त्यात असतं, हेही त्यांनीच शिकवलं. म्हणून सांगते, त्या माणसाने वहिनीचं दुखणं वाढवलं. मणक्यातल्या गाठीवर त्याने अपराधाचं ओझं टाकलं.

आमच्याकडे शेवटच्या दिवसांत माणसाला गिळता येत नाही. मग काडीवरचा छोटा स्पंज पाण्यात बुडवून आम्ही ओठ, हिरड्या, जीभ हळूहळू ओली करतो. कोणी बरं व्हावं म्हणून हे नसतं. मी ते करताना मनात प्रार्थना म्हणते, आणि ती वाया जाते असं मला एकदाही वाटलेलं नाही. तूही चमच्याने वहिनीचे ओठ ओले करत होतास, मी व्हिडिओवर पाहिलंय.

गोळ्या वेळेवर सुरू झाल्यावर ती पुन्हा उठून बसायला लागली. छकुलीची वेणी घातली, तिच्याकडून २३ वं स्तोत्र पाठ करून घेतलं. तिच्या बरं होण्याची ही भरपाई, असं मी म्हणणार नाही. आपण चंगाई मागितली होती, ती मिळाली नाही. का, ते मला माहीत नाही, आणि जो माणूस माहीत आहे म्हणून सांगेल त्याच्यापासून लांब राहा. पण प्रभू उठला, आणि वहिनी त्याच्याजवळ आहे, हे मी मनापासून धरून आहे.

तुला देवाचा राग आला असेल तर त्यालाच सांग. ८८ वं स्तोत्र काढ. त्यात शेवटपर्यंत उजेड येत नाही, अंधारातच ते संपतं, तरी ते पवित्र शास्त्रात आहे आणि देवाशीच बोललेलं आहे. तेवढं एकच वाचून झोपलास तरी ती प्रार्थना झाली.

नाताळाला मी येतेय, रजा मंजूर झाली. वहिनीच्या कबरीवर दगड बसवायचं काम तेव्हाच उरकू, पैशाची काळजी करू नकोस, मी पाठवते. वचन कोणतं कोरायचं ते तू आणि छकुली ठरवा आणि गवंड्याला सांगायच्या आधी मला कळवा. आईच्या गुडघ्याचं औषध संपत आलं असेल, तेवढं बघ.

तुझी,
बेबी