व्हिनाइलच्या टपाखाली लपवलेला गंज : तक्रार पत्र

प्रति,
व्यवस्थापक, विक्री विभाग,
डसेलडॉर्फ

विषय : १९७८ ची अमेरिकी बनावटीची लिंकन कॉन्टिनेंटल मार्क फाइव्ह (डायमंड ज्युबिली ही विशेष आवृत्ती) गाडी परत घेऊन पूर्ण रक्कम परत करणेबाबत

स. न. वि. वि.

मार्चमध्ये तुमच्याकडून घेतलेल्या निळ्या लिंकनबद्दल हे पत्र आहे. सौदा ठरवताना आपण फोनवर मराठीतच बोललो, आणि त्या बोलण्याच्या भरवशावर मी गाडी लिफ्टवर चढवून न बघता सही केली. म्हणून तक्रारही मराठीत लिहितो आहे. जर्मन प्रत वकिलामार्फत वेगळी येईल.

तुमच्या तपासणी पत्रकात लिहिलं आहे : ४६० घन इंच, म्हणजे साडेसात लिटरचं इंजिन, गाडी कॅलिफोर्नियाची, गंज नाही, अवस्था 'दोन', म्हणजे चांगली. यावर विसंबून मी २६,५०० युरो भरले.

इंजिनाचं आधी सांगतो. समोरच्या काचेतून दिसणाऱ्या पट्टीवरच्या नंबरात पाचवं अक्षर इंजिनाचं असतं. ४६० साठी तिथे 'ए' हवा. या गाडीवर 'एस' आहे. म्हणजे कारखान्यातून ती ४०० घन इंचांचं, ६.६ लिटरचं इंजिन घेऊनच निघाली, आणि आजही तेच बसवलेलं आहे. नंबर तुम्ही स्वतः पत्रकात उतरवला आहे, तरी शेजारच्याच रकान्यात ४६० लिहिलंत. एवढंच असतं तर किमतीतला फरक मागून मी गप्प बसलो असतो.

टपाचं तसं नाही. या गाडीच्या टपाच्या मागच्या भागावर व्हिनाइल, म्हणजे चामड्यासारखं दिसणारं प्लास्टिकचं आवरण असतं आणि त्याखाली मऊ थर. मागच्या काचेच्या पट्टीतून पाणी शिरलं की ते त्या थरात मुरून राहतं आणि पत्रा आतून सडत जातो. वरून फार तर एखादा फुगवटा दिसतो. एप्रिलच्या पहिल्या मोठ्या पावसात डिकीतल्या गालिच्यात पाणी साचलं. श्टुटगार्टच्या मेकॅनिकने काचेची पट्टी काढून व्हिनाइलची कड उचलली, तर काचेच्या खालच्या कोपऱ्यांत पत्र्याला बोट जाईल एवढी भोकं होती. त्यांवर फायबरची जाळी आणि पुट्टी लावलेली, आणि त्यावर नव्या गोंदाने नवं व्हिनाइल चिकटवलेलं.

तुमच्याच पत्रकात लिहिलं आहे, 'टपाचं व्हिनाइल जानेवारीत आमच्या वर्कशॉपमध्ये नवीन बसवलं.' ज्याने जुनं व्हिनाइल सोलून नवं लावलं, त्याने मधला पत्रा उघडा पाहिलाच. तुमच्या माणसाने तो पाहिला, बुजवला, झाकला, आणि त्यानंतर 'गंज नाही' असं लिहून तुम्ही मला दिलंत. माझी तक्रार मुख्यतः याच गोष्टीची आहे.

पुढे मागच्या चाकांच्या कमानींवर रंगाची जाडी मोजून घेतली. कारखान्याचा रंग शे-दीडशे मायक्रॉन भरतो. तिथे दोन हजाराच्या वर आकडा आला, म्हणजे रंगाखाली पुट्टी भरलेली आहे. चॅसीवर काळ्या कोटिंगचा जाड थर आहे, तो खरवडला की पापुद्रे निघतात. माझे वडील १९५० च्या दशकात कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात फिटर होते, डॉज आणि प्लिमथ जोडायचे. पत्रा टिचकी मारून ऐकायचा, हे त्यांनी मला लहानपणी शिकवलं होतं. तुमच्या आवारात मी टिचकी मारली नाही, याची खंत मला आजही वाटते. पण गिऱ्हाईकाने टिचकी मारली नाही म्हणून विक्रेत्याचं खोटं खरं ठरत नाही.

हेडलाइटची झाकणं, त्यांना बंद धरून ठेवणारा व्हॅक्यूम गळत असल्यामुळे, गाडी उभी केली की तासाभरात उघडी पडतात. या वयाच्या लिंकनमध्ये ते चालायचंच, त्याची तक्रार करत नाही. या आवृत्तीबरोबर येणारी गाडीच्या रंगाची छत्री मात्र जाहिरातीच्या फोटोत होती आणि ताब्यात घेताना नव्हती.

परिणाम असा, की तज्ज्ञाने 'एच' नंबरप्लेटसाठीचा, म्हणजे ऐतिहासिक गाड्यांना इथे मिळणाऱ्या खास नंबरप्लेटसाठीचा दाखला नाकारला. तो मिळाला असता तर वर्षाचा कर १९१.७३ युरो, त्याशिवाय या इंजिनावर दीड हजाराच्या वर जातो. ५.८५ मीटर लांबीची गाडी मावावी म्हणून भाड्याने घेतलेल्या मोठ्या गॅरेजमध्ये ती आता नुसती उभी आहे.

'जुनी गाडी आहे, पाहून घेतली आहे' असं तुम्ही फोनवर म्हणालात. व्यापाऱ्याने खासगी गिऱ्हाईकाला विकलेल्या मालाला हे उत्तर इथल्या कायद्यात चालत नाही. पहिल्या वर्षात दिसलेला दोष विक्रीच्या वेळी नव्हता, हे जर्मन नागरी संहितेच्या (बीजीबी) कलम ४७७ प्रमाणे तुम्ही सिद्ध करायचं असतं. आणि दोष माहीत असून लपवला, तर कलम ४४४ प्रमाणे करारातल्या जबाबदारी झटकणाऱ्या अटीचा आधार विक्रेत्याला घेता येत नाही. दुरुस्तीचा तुमचा प्रस्ताव मी नाकारतो, कारण ज्या वर्कशॉपने हा पत्रा झाकला त्यांच्याच हातात गाडी पुन्हा देणार नाही.

माझी मागणी : पत्र मिळाल्यापासून १४ दिवसांत २६,५०० युरो, नोंदणी आणि तपासणीचा खर्च परत करावा, आणि गाडी स्वतःच्या खर्चाने ट्रेलरवर न्यावी. व्हिनाइल उचललेल्या जागेचे फोटो, जाडीच्या नोंदी आणि तज्ज्ञाचा नकार सोबत जोडले आहेत. काढलेली पट्टी आणि पुट्टीचे तुकडे मी जपून ठेवले आहेत. ज्या कारागिराने ते व्हिनाइल बसवलं, त्याला घेऊन या आणि त्याच्यासमोर ते पाहा.

आपला,
लिंकनचा ग्राहक, श्टुटगार्ट