येळ्ळूरच्या अध्यक्षांना अडीच वर्षं, बेळगावच्या महापौरांना एकच : नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
कर्नाटक सरकार, बेंगळूर

विषय : बेळगाव महानगरपालिकेच्या महापौरपदाची मुदत तीस महिने करण्याबाबत

माननीय महोदय,
सप्रेम नमस्कार.

सुवर्ण विधानसौधमध्ये हिवाळी अधिवेशन भरलं की आमच्या शहरात मंत्र्यांच्या गाड्यांची वर्दळ वाढते, हॉटेलं भरतात आणि उत्तर कर्नाटकाच्या प्रश्नांवर भाषणं होतात. पुढच्या अधिवेशनात त्याच इमारतीत एक लहानशी दुरुस्ती मांडावी, एवढंच मागणं आहे. कर्नाटक महानगरपालिका कायदा, 1976 प्रमाणे महापौर आणि उपमहापौर एका वर्षासाठी निवडले जातात. ही मुदत तीस महिन्यांची करा. चारही स्थायी समित्या वर्षालाच बदलतात, त्यांनाही तोच नियम लावा.

तीस महिने हा आकडा माझ्या डोक्यातून आलेला नाही, तो तुमच्याच कायद्यांत आहे. निपाणीच्या नगराध्यक्षांना तीस महिने मिळतात, खानापूर नगरपंचायतीच्या अध्यक्षांनाही तेवढेच. ग्रामपंचायतीचंही तसंच. म्हणजे येळ्ळूरच्या पंचायत अध्यक्षांना अडीच वर्षं आणि तिथून हाकेच्या अंतरावरच्या 58 वॉर्डांच्या शहराच्या महापौरांना एक वर्ष! बेंगळूरसाठी 2020 मध्ये वेगळा कायदा केलात तेव्हा तिथल्या महापौरांची मुदत तुम्ही तीस महिने धरलीत. राजधानीला जे कळलं ते बेळगावला लागू करायला काय हरकत होती, हे कोणी सांगितलेलं नाही. सीमेपलीकडे कोल्हापुरातही कायद्याने महापौर अडीच वर्षांचा आहे. (तिथले पक्ष आपसात वाटून घेऊन त्याचे तुकडे करतात ती गोष्ट वेगळी. निदान कायदा तरी तुकडे करत नाही.)

एक वर्ष म्हणजे प्रत्यक्षात किती दिवस, ते बघा. आमच्या पालिकेचं मतदान सप्टेंबर 2021 मध्ये झालं. पहिल्या महापौर शोभा सोमनाचे निवडून आल्या 6 फेब्रुवारी 2023 ला. लोकांनी मत दिल्यावर सतरा महिन्यांनी! त्या खुर्चीत बसल्या आणि 29 मार्चला विधानसभेची आचारसंहिता लागली, निकाल 13 मेला. पुढच्या फेब्रुवारीत सविता कांबळे महापौर झाल्या, तर 16 मार्चपासून लोकसभेची आचारसंहिता, थेट जूनपर्यंत. मार्च 2025 मध्ये मंगेश पवार आले. या तिघांच्या कामाबद्दल मला इथे बरं-वाईट काहीच म्हणायचं नाही. कोणीही बसलं असतं तरी पंचांग हेच होतं. निवडून आल्यावर महिनाभर सत्कार, शाली, हार. अंदाजपत्रक तयारच असतं, ते आधीच्यांच्या काळात आखलेलं. आचारसंहिता उठते तोवर पाऊस सुरू. मग गणपती. मग राज्योत्सवाचा बंदोबस्त, मग अधिवेशनाची धावपळ. डिसेंबर उलटला की पुढचं आरक्षण कोणाचं आणि गटात कोणाचं नाव चालेल, याचीच चर्चा. विद्यमान महापौरांचा फोन तेव्हापासून कमी वाजायला लागतो.

आता बळ्ळारी नाल्याकडे या. शहापूर, वडगाव शिवारात दर पावसाळ्यात काय होतं ते बघायला एकदा जुलैत या, बूट मात्र घरी ठेवून या. शहराचं सांडपाणी घेऊन येणारा हा नाला गाळाने आणि जलपर्णीने तुंबतो. चार दिवस झड लागली की पाणी बांध ओलांडून भातात शिरतं. बासमतीसाठी नावाजलेली ही जमीन. रोप कुजतं, दुबार लावणी करावी लागते आणि ती हातची गेली की शेतकरी निवेदन घेऊन पालिकेत येतो. महापौर पाहणी करतात, चिखलात उभं राहून फोटो होतो, आराखड्याचं आश्वासन मिळतं. आराखडा म्हणजे सर्वेक्षण, अतिक्रमणांची मोजणी, पाटबंधारे खात्याशी पत्रव्यवहार, निधी, निविदा. हे एका वर्षात होत नाही, हे आश्वासन देणाऱ्यालाही ठाऊक असतं. पुढच्या पावसात शेतकरी तोच असतो आणि महापौर नवे. त्यांना सगळं पहिल्यापासून सांगायचं. चोवीस तास पाण्याच्या योजनेचंही असंच. 2008 च्या सुमारास काही वॉर्डांत तो प्रयोग झाला, त्यानंतर किती महापौर आले-गेले ते मोजत बसा, उरलेलं शहर अजून वाट बघतंय.

एवढ्या थोड्या काळात कारभार कोणाच्या हातात जातो? आयुक्तांच्या आणि टेबलावरच्या जुन्या कारकुनांच्या. स्मार्ट सिटीसाठी 2016 मध्ये बेळगावची निवड झाली तेव्हा तर वेगळी कंपनीच काढली गेली आणि रस्ते उकरायचे निर्णय सभागृहाबाहेर झाले. वर्षभराचा पाहुणा समजल्यावर अधिकारीही तसंच वागवतात. फाईल मागितली तर "बघून सांगतो". सभेची विषयपत्रिका मराठीतूनही द्या म्हणून आमचे नगरसेवक किती काळ मागत आहेत, हे तुमच्या खात्याला माहीत आहे. त्याचं उत्तरही हेच.

इथे बेंगळूरमध्ये कोणीतरी म्हणेल, मराठी माणूस महापौराची मुदत वाढवून मागतोय म्हणजे मागे सीमाप्रश्न असणार. तो खटला सर्वोच्च न्यायालयात 2004 पासून आहे, त्याबद्दलचं आमचं मत लपलेलं नाही. पण 2021 मध्ये पक्षचिन्हावर झालेल्या निवडणुकीत भाजपचे 35 नगरसेवक आले, महाराष्ट्र एकीकरण समितीचे मोजके. तीस महिन्यांचा फायदा ज्याचं बहुमत त्याला. नाला तुंबतो तेव्हा तो कोणाच्या शेताची भाषा विचारत नाही.

खरा आक्षेप दुसरा आहे, आणि तो मला वजनदार वाटतो. दर वर्षी आरक्षण फिरतं, त्यामुळे महिला, अनुसूचित जाती, मागासवर्ग अशा पाच जणांना पाच वर्षांत संधी मिळते. तीस महिने केले तर दोघांनाच. मराठी, कन्नड, उर्दू बोलणाऱ्या या शहरात पाळी येणं ही लहान गोष्ट नाही. पण वर्षाने रिकाम्या हाताने उठणाऱ्या महापौर बाईंना आपण संधी दिली म्हणायचं का? निपाणीत आरक्षण तीस महिन्यांनीच फिरतं, तिथे कोणी ते अन्याय म्हणत नाही. वर्षाच्या मुदतीचा खरा लाभ होतो पक्षांना. पाच वर्षांत महापौर-उपमहापौर मिळून दहा पदं वाटायला मिळतात. नाराजांची सोय होते. चार पदं झाली की ती होणार नाही, म्हणून विरोध तुमच्या पक्षातूनही होईल आणि समोरच्या बाकांवरूनही.

महापौर थेट लोकांतून निवडावा, असंही काही जण म्हणतात. ते भांडण मोठं आहे, या पत्रात नको. 74 व्या घटनादुरुस्तीने पालिकेची मुदत पाच वर्षं ठरवली आणि महापौर कसा निवडायचा ते राज्यावर सोपवलं. म्हणजे दिल्लीला विचारायची गरज नाही.

दुरुस्ती आणलीत तर तीन गोष्टी त्यात घाला. निकालानंतर साठ दिवसांत पहिला महापौर निवडलाच पाहिजे, पुन्हा सतरा महिने नकोत. दोन्ही मुदतींचं आरक्षण मतदानाआधीच जाहीर करा, म्हणजे कोर्टकचेऱ्या आधीच संपतील. आणि तीस महिने म्हणजे मोकळं रान होऊ नये म्हणून सहा महिन्यांनंतर अविश्वास ठराव आणायची वाट ठेवा, मात्र दोन तृतीयांश नगरसेवकांची अट घालून.

विद्यमान सभागृहाला हे लागू करू नका. जे आज खुर्चीत आहेत त्यांना मुदतवाढ दिल्यासारखं दिसलं तर सगळा मुद्दाच त्या वादात वाहून जाईल. पुढच्या निवडणुकीपासून करा. ती जाहीर होण्याआधी कायदा झाला, तर मत मागायला येणाऱ्याला आम्ही विचारू शकू की बाबा, नाल्याचं अडीच वर्षांत काय करणार ते सांग.

आपला,
बेळगावचा एक करदाता